दोन जिवांची आगोट

मे महिना अर्धा सरला की जुव्यावरच्या, म्हणजे खाडीतल्या बेटावरच्या, घराघरांत एक कागद फिरायला लागतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला, कोपऱ्याला तेलाचा डाग पडलेला. तांदूळ दोन पोती, कांद्याच्या चार माळा, सुक्या मिरच्या, आमसुलं, सुका बांगडा, जवळा, खडे मीठ, चुलीला लाकडं, पडवीला लावायला झापं. रायगडकडे याला आगोट म्हणतात, खाली मालवणकडे बरेच जण पावसाची बेगमी म्हणतात. मला आगोट हा शब्द आवडतो, म्हणून इथे तोच वापरते.

दोनेक वर्षांपूर्वी मी मावससासूच्या घरी तिची यादी वाचत होते. तिच्यात गाभण गायीसाठी सरकीची पेंड होती. पाचव्या महिन्यातल्या सुनेसाठी एक ओळ नव्हती.

तसं म्हटल्यावर मावशी हसली. "गो बाय, ती आमच्याबरोबरच जेवता मा? तिचा वेगळा काय लिवचा?"

तिच्या मनात खोट नव्हती. सुनेवर तिचा जीव आहे. पण घरात सगळे खातात तेच गरोदर बाईनं थोडं जास्त खाल्लं की झालं, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. किनाऱ्यावरच्या गावात तो एक वेळ चालून जातो, कारण काही कमी पडलं तर दुकान आहे, दवाखाना आहे, एसटी आहे. बेटावर जूनपासून चार महिने कमी पडलेलं लगेच भरून काढता येत नाही.

कोकणातली बेटं म्हटली की जंजिरा आणि सिंधुदुर्ग आठवतात. माणसांचे संसार आहेत अशी बेटं सहसा कुणाच्या तोंडी नसतात. मुंबईसमोरच्या घारापुरीत वीज पोचायला २०१८ उजाडलं. विरारजवळ अर्नाळा किल्ला आहे, नायगाव आणि भाईंदरच्या मधे पाणजू आहे, राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे आहे, मसुऱ्याच्या बाजूला खोतजुवा. काही ठिकाणी समोरचा किनारा इतका जवळ की पलीकडच्या बाईची हाक ऐकू येते. पण मधे पाणी आहे आणि ते भरती-ओहोटी, उधाण, वारा यांच्या तालानं चालतं. सरकारी दवाखान्याचा मंगळवार त्याला माहीत नसतो.

होडीतून काय नीट येतं आणि काय येत नाही, यावरही बेटाचं ताट ठरतं. अंड्यांचा ट्रे उतरवताना चार-सहा अंडी फुटतात. मेथीची जुडी उन्हात मरगळते. दूध नासतं. बिस्किटाचा पुडा, खारी, कुरकुरीत चटपटीत पाकिटं मात्र कितीही हेलकावे खाल्ले तरी तशीच्या तशी उतरतात आणि वर्षभर टिकतात. त्यामुळे लहान बेटावरच्या लहान दुकानात तीच भरलेली असतात. पॅसिफिक महासागरातल्या नाउरूसारख्या बेटांवर हेच मोठ्या प्रमाणात झालं. ताजे मासे आणि कंदमुळं मागे पडून जहाजातून आलेलं पांढरं पीठ, साखर, डबाबंद मांस ताटात आलं आणि लठ्ठपणा नि मधुमेह घराघरांत शिरले. आपली बेटं अजून तिथवर गेलेली नाहीत. पण चहात बुडवलेलं बिस्किट हा दहा महिन्यांच्या बाळाचा नाश्ता झालेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

हजार दिवसांचा हिशोब

पोषणाच्या बैठकीत 'पहिले हजार दिवस' हा शब्द हमखास येतो. गरोदरपणाचे साधारण २७० दिवस, त्यात बाळाची पहिली दोन वर्षं, म्हणजे ७३० दिवस. बेरीज बरोबर हजार.

हेच दिवस का? कारण मेंदूची बहुतेक वाढ, हाडांची लांबी, मूत्रपिंड आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांची जडणघडण याच काळात होते. नंतर खाऊन वजन वाढतं, पण या काळात खुंटलेली उंची पुढे पूर्ण भरून येणं फार कठीण. वयाच्या मानानं उंची कमी राहिली तर तिला खुंटलेली वाढ म्हणतात. उंचीच्या मानानं वजन कमी असलं तर तो लुकडेपणा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लुकडं मूल पाहताक्षणी कळतं. खुंटलेलं मूल गोजिरवाणं दिसतं, फक्त चार वर्षांचं असून तीनचं वाटतं, आणि घरचे म्हणतात, "आमच्यात सगळे बुटकेच." २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली आणि २५.६ टक्के लुकडी. लुकडेपणात आपण देशाच्या सरासरीपेक्षा, म्हणजे १९.३ टक्क्यांपेक्षा, वाईट आहोत. एवढ्या श्रीमंत राज्यात! ही पाहणी जिल्ह्याच्या आकड्यापर्यंत येऊन थांबते. खाडीतल्या पन्नास घरांचा आकडा जिल्ह्याच्या सरासरीत विरघळून जातो.

आईच्या ताटाचा बाळाच्या वजनाशी किती जवळचा संबंध आहे, हे पुण्याजवळच्या खेड्यांनी जगाला दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यात असं दिसलं की नुसत्या जास्त भात-भाकरीनं बाळाचं वजन फारसं हलत नाही. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. आणखी एक गोष्ट याच अभ्यासातून जगाला कळली. आपली बाळं दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो तो इथून.

म्हणजे प्रश्न पोट भरण्याचा कमी आणि ताटात काय पडतं याचा जास्त. बेटावर भात आहे, मासे आहेत, नारळ आहे. पोट भरतंच.

मासे खाणाऱ्या बाईला रक्त कमी कसं?

हा प्रश्न मला किनाऱ्यावरच्या प्रत्येक बैठकीत विचारतात. मावशीच्या सुनेचं हिमोग्लोबिन ९.२ भरलं होतं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, १० च्या खाली मध्यम, ७ च्या खाली तीव्र. राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं त्याच पाहणीत आलं आहे, म्हणजे जवळपास दोघींतली एक.

याचं उत्तर शोधायला मी दुपारी मावशीच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. बांगड्याचं तिखलं केलं होतं. पहिली पंगत सासरे, नवरा, दीर. मग पोरं. मग मावशी. सून शेवटी बसली तेव्हा टोपात रस होता आणि एक शेपटी. तिनं रस भातावर ओतला, पोटभर जेवली, आणि उठून सगळ्यांसाठी चहा टाकला. बिनदुधाचा कोरा चहा, एक कप तिनंही घेतला.

आता हे उलगडून बघू. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं आणि नऊ महिन्यांत मिळून साधारण एक ग्रॅम लोह लागतं. एक ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण भात, डाळ, भाजीतल्या लोहाचा थोडाच भाग आतडं शोषतं. माशा-मटणातलं लोह सहज शोषलं जातं, आणि मासा ताटात असला तर शेजारच्या भातातलं आणि डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. हा फायदा माशाच्या मांसाचा आहे, रश्शाचा नाही. त्यातून जेवणावर लगेच घेतलेला चहा. चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते तसंच बाहेर पडतं. चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी सोडणार नाही. जेवणानंतर तासभर थांबून घ्या, एवढंच सांगते. जेवणात लिंबू पिळलं, मोड आलेलं कडधान्य असलं, तर क जीवनसत्त्वामुळे लोह उलट जास्त शोषलं जातं. अनवाणी फिरल्यानं शिरणारे आकडीचे कृमी रक्त पितात ते वेगळंच. त्यासाठी चौथ्या महिन्यानंतर दवाखान्यात जंताची एक गोळी देतात.

आणि लाल गोळ्या. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. मध्यम रक्तक्षय असेल तर डॉक्टर दिवसाला दोन देतात, आणि दिवस भरत आले तरी आकडा वर येत नसेल तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग आहे. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसाला दोन, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही, कारण त्या एकमेकींच्या आड येतात. सोपी पद्धत अशी: कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर, लाल गोळी रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं. रात्री घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. शौचाला काळं होतं, ते होऊ दे. बऱ्याच जणी त्या काळ्या रंगालाच घाबरून गोळ्या पत्र्याच्या डब्यात टाकून देतात आणि नर्सबाईला "घेतल्या" म्हणून सांगतात.

आगोटीचा संबंध इथे येतो. दवाखान्यात सहसा महिन्याच्या गोळ्या देतात. जून ते सप्टेंबर चार महिने, साधारण १२० दिवस. मेच्या तपासणीलाच नर्सबाईंशी बोलून पावसाळ्याचा साठा मागून घ्यायचा: एक घेत असाल तर लाल गोळ्या १२०, कॅल्शियमच्या २४०. बेटावरची बाई आहे म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी समजून घेतात. साठा कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि फळीवर उंच, कारण लहान मुलानं लाल गोळ्या गोळ्या-चॉकलेट समजून मूठभर खाल्ल्या तर ती विषबाधा जिवावर बेतते.

बारीक मासळीचं मोल

चांगली मासळी बर्फात जाते, घरात उरलंसुरलं शिजतं, अशी किनाऱ्यावरच्या बायांची जुनी तक्रार आहे. पैशाच्या हिशोबानं ती खरी आहे. पोषणाच्या हिशोबानं गंमत उलटी. सुरमई-पापलेटचा तुकडा आणि डोक्यासकट, काट्यासकट चावून खाल्लेली मांदेली किंवा मोतियाळे यांत कॅल्शियम दुसऱ्या बाजूला कितीतरी जास्त, कारण तिथे हाडंच पोटात जातात. तारली आणि बांगडा यांच्या तेलात बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी ओमेगा-३ भरपूर. शिवाय बी-१२, जे शाकाहारी घरात मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

आता थोडं न आवडणारं. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे मुशी, आवर्जून खायला घालतात. मोरी हा दुसऱ्या माशांना खाऊन जगणारा मोठा मासा. समुद्रातला पारा लहान माशांत अगदी थोडा असतो, पण एक मोठा मासा हजारो लहान खातो आणि त्या सगळ्यांचा पारा त्याच्या मांसात साठत जातो. हा पारा पोटातल्या आणि अंगावरच्या बाळाच्या मेंदूला बाधतो. त्यामुळे गरोदर आणि लेकुरवाळ्या बायांनी मोरी टाळावी आणि मोठ्या सुरमईचं प्रमाण मोजकं ठेवावं. दूध वाढतं ते बाळानं वारंवार ओढल्यानं. मावशीला हे पटलं नाही. तिच्या चारही बाळंतपणांत तिला मोरीचंच सुकं मिळालं होतं. मी वाद घातला नाही, तारली आणून दिली.

कालवं, तिसऱ्या, मुळे या शिंपल्यांबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. ओहोटीला चिखलात कोयता-पाटी घेऊन बायाच ती काढतात, लोह, जस्त आणि बी-१२ यांचं ते भांडार आहे, आणि गरोदर बाईलाच ती 'उष्ण' म्हणून वर्ज्य! स्वच्छ पाण्यातली असतील, गटाराच्या तोंडाशी वेचलेली नसतील आणि रटरटून शिजवलेली असतील, तर खुशाल खावीत.

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजं कमी, हातात पैसा कमी. या दोन महिन्यांसाठी सुकी मासळी हीच खरी ठेव. सुकलेल्या जवळ्याच्या किंवा बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनंच असतात. अडचण मिठाची. खारवलेला बांगडा पाण्यात भिजवून, एक-दोनदा पाणी बदलून घ्यावा, आणि गरोदरपणात रक्तदाब चढला असेल तर तो नकोच. बिनमिठाचा वाळवलेला जवळा वेगळा बांधून ठेवला तर सगळ्यात उत्तम.

मिठावरून आठवलं. समुद्राकाठी राहणाऱ्याला आयोडीन आपसूक मिळतं असं समजू नका. समुद्री मासळीतून थोडं मिळतं, पण मिठागराच्या खड्या मिठात ते नसल्यासारखंच असतं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते पहिल्या आठवड्यांपासून लागतं. खडं मीठ खारवायला आणि लोणच्याला ठेवा, रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त पुडीचं वापरा.

भाजीची तंगी मात्र पावसात नसते, उलट असते ती एप्रिल-मेमध्ये. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू परसात आणि कुंपणाकडेला आपोआप उगवतं. शेवग्याचा पाला बाराही महिने. होडीतून बिनबोभाट येणारा आणि महिनोन्‌महिने टिकणारा एक पदार्थ यादीत कधीच का नसतो, याचं मला नवल वाटतं, तो म्हणजे लाल भोपळा. अ जीवनसत्त्वासाठी त्याच्या तोडीचं स्वस्त काही नाही. माळ्यावर चार ठेवले की श्रावण निघतो. नाचणी हवीच, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण सत्त्व काढताना जो चोथा गाळून फेकतो, त्यात कॅल्शियम आणि लोहाचा मोठा वाटा जातो. त्यापेक्षा नाचणीला मोड आणा, वाळवा, भाजा आणि सगळीच दळा. कुळीथही तसाच मोड आणून. अंड्यांवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे होडीतून अंडी न आणता चार गावठी कोंबड्याच आणणं.

अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातेला घरी न्यायचा आहार मिळतो. नियमानुसार तो दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं देणारा असतो, म्हणजे चौथ्या महिन्यानंतर रोज ज्या साडेतीनशे जादा कॅलरी लागतात त्या भागून वर उरतात. पण ती पाकिटं घरच्या डब्यात ओतली आणि सहा तोंडांनी खाल्ली, तर तिच्या वाट्याला शंभर कॅलरी येतात. पाकिटावर तिचं नाव लिहून ठेवा, हसतील हसू दे.

पेज किती पातळ?

बाळ झाल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्यायचं. चीक फेकायचा नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी, मध, बाळगुटी काही नाही. हे बहुतेकींना पाठ आहे. तरी गुटीची सहाण अजून घरोघरी ओलीच असते, आणि बेटावरच्या विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं हेही सगळ्यांना माहीत असतं.

घसरगुंडी सुरू होते ती सहाव्या महिन्यानंतर. देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो, असं तीच पाहणी सांगते. यात गरिबीबरोबर पातळपणाचाही वाटा आहे.

मी बैठकीत एक वाटी आणि चमचा घेऊन बसते. बहुतेक घरांत बाळाला उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ भरवतात. चमचा तिरका केला की ती पाण्यासारखी खाली पडते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे मिलिलिटरच्या आसपास मावतं. ते निवळीनं भरलं की बाळ ढेकर देऊन झोपतं आणि आजी म्हणते पोट भरलं. पोट पाण्यानं भरलेलं असतं. आता त्याच पेजेतली शितं आणि शिजलेली मुगाची डाळ पळीनं घोटून घ्या, त्यात चमचाभर तूप किंवा खोबरेल घाला. चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी, वाढलेली जागा जवळपास शून्य. चमचा तिरका केला तर खिमट चिकटून राहून सावकाश ओघळलं पाहिजे. एवढीच परीक्षा.

आठ महिन्यांपर्यंत असं दोन ते तीन वेळा, नऊपासून तीन ते चार वेळा, आणि मधे अंगावरचं दूध चालूच. त्या खिमटात एक दिवस भोपळा कुसकरून, एक दिवस शेवग्याचा पाला, एक दिवस अंडं, एक दिवस काटे काढलेला मासा. मासा सहा महिन्यांनंतर चालतो, दात येईपर्यंत थांबायची गरज नाही. बिनमिठाचा जवळा डोकी खुडून, मंद भाजून, खलबत्त्यात कुटून बाटलीत भरून ठेवला तर पावसातल्या कुठल्याही खिमटात अर्धा चमचा टाकता येतो. वास येतो म्हणून शहरातले नातलग नाकं मुरडतात. बाळं मिटक्या मारतात.

जुलाब लागले तर भरवणं बंद करायचं नाही. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं आणि जस्ताच्या गोळ्या १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम. दोन्ही अंगणवाडी किंवा आशाताईकडे फुकट मिळतं, आणि दोन्ही आगोटीत असायला हवं, कारण जुलाब रात्री लागतात आणि होडी सकाळी असते. दंडाला बांधायची तिरंगी पट्टी आशाताईकडे असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरच्या वर भरला तर हिरवं, साडेअकराच्या खाली गेला तर लाल. लाल म्हणजे पाऊस ओसरायची वाट न बघता पलीकडे न्यायचं.

तिथीची पाऊणपट

नर्सबाई महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी जुव्यावर येतात. एका खेपेला त्या दुपारी बाराला समोरच्या धक्क्यावर उभ्या होत्या, हातात लसींचा डबा, आणि आमच्या बाजूला चिखलात रुतलेली होडी. त्या दिवशी अष्टमी होती. कोळ्यांचं जुनं गणित सांगतं: तिथीला पाऊणनं गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ठणठणीत सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. गावागावांत तास-अर्धा तास मागेपुढे होतं, तो फरक होडीवाल्याला तोंडपाठ असतो. द्वादशीला हेच गणित नऊ देतं. नर्सबाई दहाला आल्या तरी होडी तरंगत असते. वार न ठरवता तिथी ठरवली तर वजनं, लसी, गोळ्या, तपासण्या यांच्या निम्म्या फेऱ्या वाया जायच्या थांबतील, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या नर्सबाईंनी पुढच्या महिन्यापासून कॅलेंडरवर द्वादश्यांना गोल करायला सुरुवात केली. वरिष्ठांना वाराचाच तक्ता लागतो, तो त्या वेगळा भरतात.

बाळंतपणाची तारीख जवळ आली की बेटावर राहूच नये, हे आदिवासी भागांतल्या माहेरघर योजनेमागचं सूत्र आहे: दवाखान्याजवळ आठवडाभर आधीच येऊन राहायचं. आमच्याकडे ती योजना नाही, पण किनाऱ्यावर कुणाचं ना कुणाचं घर असतंच. मावशीच्या सुनेचे दिवस गणपतीनंतर आठवड्यानं भरत होते. श्रावण वद्य एकादशी धरली. अकराची पाऊणपट सव्वाआठ, होडी साडेसातला सोडायची. पिशवीत तपासणीचं कार्ड, उरलेल्या लाल गोळ्या, नाचणीच्या पिठाची पुरचुंडी. मावशीनं वरून एक डबा ठेवला. झाकण उघडून पाहिलं तर कुटलेला जवळा.

"बाळाक सहा म्हयने होवंक येळ आसा," मी म्हटलं.

"बाळाक कित्याक? तिकाच," मावशी म्हणाली आणि होडीचा दोर सोडायला खाली उतरली.